मूठ सुटेपर्यंत

भाची: आत्या, "दमू दे, दमला की आपोआप झोपेल" हे तू सकाळपासून तीनदा म्हणालीस आणि तिन्ही वेळा मी गप्प बसले. आता बोलते. साडेचार महिन्यांचं मूल पुरतं दमलं की झोपत नाही, त्याच्या जरा आधी झोपतं. ती वेळ हातची गेली की झोप त्याला सापडत नाही. आज तो सव्वासातला उठला. नऊला पहिली जांभई दिली, तेव्हा अंगणात सगळी त्याला बघायला जमली होती आणि मला उठवेना. साडेनऊला तो खदखदून हसत होता, हातपाय झाडत होता. सगळे म्हणाले, किती खेळकर आहे. मला मात्र पुढचं दिसत होतं. दहाला किरकिर, सव्वादहाला कमान करून रडणं, दूध तोंडात घेऊन सोडणं. आता साडेअकरा झालेत. झोप कशी येते याचं एक गणित अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ साली मांडलं आणि अजूनही तेच धरून चालतात. जागेपणाबरोबर झोपेची ओढ साठत जाते, ही एक गोष्ट. शरीराचं स्वतःचं दिवसरात्रीचं घड्याळ असतं, ही दुसरी. आपल्यात ती ओढ दिवसभर साठते, याच्यात दीड-दोन तासांत काठोकाठ येते. तेव्हा निजवलं नाही तर अंग स्वतःलाच टाच मारून जागं राहतं. म्हणून मी वेळ बघते. उठल्यापासून दीड तास झाला की खोलीत अंधार करायचा, बोलणं बंद, थोपटायला घ्यायचं. यात हौस नाही, आत्या. चुकलं तर काय होतं ते तू आत्ता बघते आहेस.

आत्या: बघते आहे, आणि तुझं दुखणंही कळतंय. पण तू म्हणतेस तो दीड तास कुणाचा? माझा थोरला सव्वा तासात पेंगायचा. धाकटीला अडीच तास लागायचे, आणि अंगाला तेल लावून न्हाऊ घातलं की तासाभरातच मान टाकायची. डोस दिला त्या दिवशी निराळं, पाऊस लागला की निराळं. इथे रिहे गावात पत्र्यावर आषाढातला पाऊस सुरू झाला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, घरात भरदुपारी संध्याकाळ होते, आणि पोरं अशी झोपतात की उठवून पाजावं लागतं. तेच पोर चैत्रात त्याच पत्र्याखाली घामाघूम होऊन रडतं. घड्याळाला यातलं काय कळणार? आम्ही मुलाकडे बघायचो. आधी नजर सुटते. तुझ्या तोंडाकडे बघत असतं, मग तुझ्या कानामागे कुठेतरी बघायला लागतं. भुवया लालसर होतात. खेळणं दिलं तर धरतं, पण तोंडाकडे नेत नाही. मग मान फिरवून खांद्यात तोंड खुपसतं. हे दिसलं की उठायचं, मग हातातली भाकरी तव्यावर का असेना. जांभईची वाट बघायची नाही आणि डोळे चोळायची तर मुळीच नाही. डोळे चोळतंय म्हणजे आपल्याला उशीर झालाय. तू तो झोपेच्या वेळांचा तक्ता ठेवतेस, त्यात भुवया आहेत का गं?

भाची: आहेत, पण तळाला, बारीक अक्षरात. आणि खरं सांगायचं तर तो तक्ता काही पक्का पाया असलेला नाही. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप हवी, इतकं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. त्यापुढचं "अमुक महिन्याला तमुक मिनिटं जागं" हे बरंचसं अनुभवाचं आहे, प्रयोगाने ठरवलेलं नाही. तरी मी तो तक्ता सोडत नाही आणि त्याचं कारण तुझ्याच बोलण्यात आहे. तू म्हणतेस, "आम्ही बघायचो." आम्ही म्हणजे कोण? सासूबाई, जाऊबाई, नणंद, ओट्यावरच्या म्हाताऱ्या, शाळेतून आलेली पुतणी. एकीचं लक्ष चुकलं तर दुसरी म्हणायची, "अगं, पोरगं झोपेला आलंय." हिंजवडीत नवव्या मजल्यावर मी एकटी असते. रात्री तीनदा उठलेली. त्याची नजर सुटते तेव्हा माझीही सुटलेली असते. भुवया लाल झालेल्या दिसायला समोरचा माणूस जागा लागतो, आत्या. सकाळी उठल्याबरोबर मी फोनवर गजर लावते, कारण दीड तासाने मला काय दिसेल याची मला खात्री नसते. घड्याळाला बाळ कळत नाही, कबूल. पण ते झोपत नाही.

आत्या: हे तू आधी का नाही बोललीस? मला वाटत होतं, तुम्हाला मुलापेक्षा फोनवर विश्वास जास्त. बरं, वेळ कळली. पुढे झोपवायचं कसं? तू त्याला गादीवर ठेवतेस आणि शेजारी बसून थोपटतेस. तो मान वर काढतो, तू परत निजवतेस, तो रडतो. अर्धा तास हेच. आमच्याकडे झोळी होती. जुनं मऊ सुती लुगडं, तुळईला गाठ, आणि तोंडाशी आडवी काठी, म्हणजे कापड बाळाच्या नाकावर मिटत नाही. खालच्या अंगाला सुतळी बांधायची आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. मी सुपात तांदूळ निवडत बसायचे आणि अंगठा हलवत राहायचे. काही दिवसांनी अंगठ्यालाच कळायला लागलं. मूल जागं असलं की सुतळीला आतून बारीक बारीक हिसके बसतात. झोप लागत आली की हिसके लांबतात. मग सुतळी नुसती येते आणि जाते, आणि तरी थांबायचं नाही, सूप संपेस्तोवर हलवायचं. कुणी पायावर घ्यायचं, पाय लांब करून उशी ठेवायची आणि पाय डावीकडे-उजवीकडे झुलवायचे. पोटात नऊ महिने हललेलं मूल एकदम दगडासारख्या गादीवर ठेवायचं आणि झोप म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

भाची: झोळीची मला भीती वाटते, ती का तेही ऐक. लहान बाळाचं डोकं जड असतं आणि मान कच्ची. झोळीत ते मुटकुळं होऊन घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. ते रडत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. पालथं पडायला लागलं की बाहेर येऊन पडण्याचा धोका, आणि जरा मोठी भावंडं त्याच कापडात गोल गोल फिरली की गळ्याला पीळ बसण्याचा. सपाट, घट्ट गादी, पाठीवर निजवणं, तोंडाशी उशी-दुपटं काही नाही, हे डॉक्टर कळकळीने सांगतात. तुझा अंगठा सुतळीवर असायचा म्हणून तुझी मुलं सांभाळली गेली. आता झोळीला स्प्रिंग लावून बाई आत स्वयंपाकाला जाते.

हलवण्याबद्दल मात्र तुझं खरं आहे. जपानात रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटाने एक प्रयोग करून २०२२ साली प्रसिद्ध केला. बाळं फक्त एकवीस, पण बघणं फार बारकाईचं. रडणाऱ्या बाळाला उचलून, न थांबता, न वळता पाच मिनिटं चालायचं. रडणं थांबलं आणि जवळजवळ निम्मी बाळं झोपली, तीही दिवसा. नुसतं मांडीवर घेऊन बसल्याने हे झालं नाही. पण लगेच खाली ठेवली की त्यातली बरीच जागी झाली. आणि जाग कधी आली? पाठ गादीला टेकली तेव्हा नव्हे, आईच्या अंगापासून सुटायला लागली तेव्हा. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसलं आणि मग ठेवलं, तर झोप टिकण्याची शक्यता वाढली.

आत्या: सासूबाई मिनिटं सांगत नव्हत्या. त्या म्हणायच्या, "मूठ बघ." मूल झोपलेलं दिसतं, पापण्या मिटलेल्या, ओठ सुटलेले, पण मूठ आवळलेली असते. तोवर ठेवायचं नाही. एक ओवी संपली की दुसरी म्हणायची. मग एकेक बोट सुटतं, अंगठा बाहेर येतो, हात उचलून सोडला की मऊ पडतो. तेव्हा उठायचं, आणि ठेवताना आधी बूड टेकवायचं, मग पाठ, मग डोकं, आणि आपली छाती शेवटी सोडवायची. तुझ्या त्या जपानी बाईंना हे सांगायला हवं होतं.

आणि दृष्टीचं काय म्हणशील? बारशाला, लग्नाला, जत्रेला मूल दिवसभर या हातातून त्या हातात जातं. दिवेलागणीला असं रडायला लागतं की कशानेच राहत नाही. मग मीठ-मोहरी-मिरची उतरून चुलीत टाकायची. दहा मिनिटांत शांत. तू याला खुळचटपणा म्हणशील. पण शांत झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, पन्नासदा.

भाची: मी खुळचटपणा म्हणणार नाही. दृष्ट काढताना काय काय होतं ते आठव. पाहुण्यांना बाहेर काढतात. दार लोटतात. एकच जण मुलाला घट्ट धरून बसते. बाकीच्यांनी बोलायचं नाही, असा नियमच असतो. दिवा मंद असतो आणि हात एका लयीत गोल फिरत राहतो. दिवसभरात पहिल्यांदा त्या पोराला कुणीतरी खोली रिकामी करून देतं. दमलेल्या मुलाला निजवायला मी सांगते तेच सगळं त्यात आहे, फक्त तेही डोळे चोळण्याच्या पुढे गेल्यावर. मिरचीचा ठसका तेवढा नको.

आत्या: मानलं. पण आता मी तुला एक विचारते, आणि याचं उत्तर तयार ठेवून देऊ नकोस. झोप कुणाला हवी आहे? त्याला, की तुला? माझ्या आजेसासूबाई इथून मुंबईला गेल्या होत्या. लालबागला चाळीत राहायच्या, गिरणीत कामाला. त्या बाळगोळीची गोष्ट सांगायच्या. मोहरीपेक्षा जराशी मोठी गोळी. दुधात उगाळून चाटवली की पोर पाळी संपेपर्यंत उठत नसे. आत अफू असायची. सगळ्यांना माहीत होतं. पोर वाळत जायचं, भुकेला रडायचंसुद्धा विसरायचं, आणि शेजारीण म्हणायची, "किती गुणी आहे, आवाज म्हणून नाही." आजेसासूबाईंनी थोरल्या मुलीला दिली होती. ती मुलगी राहिली नाही. गोळीने गेली की तापाने, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्या विषय काढला की हात चोळत राहायच्या. तेव्हापासून या घरात "मूल झोपत नाही" असं कुणी म्हटलं की आधी विचारतात, कामाला कधी जायचंय?

भाची: ती गोष्ट तुमच्या एकट्या घराची नव्हती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांची पाहणी झाली, तेव्हाही तान्ह्यांना अफू देण्याची चाल सर्रास आढळली होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या पगाराचा कायदा झाला, देशातला तसा पहिला. त्या विधेयकाच्या बाजूने विधिमंडळात बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. पगारी दिवस मिळणं आणि गोळी न लागणं या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

आता तुझा प्रश्न. दोघांना हवी आहे. त्याला खरोखर हवी आहे. सहा आणि बारा महिन्यांच्या बाळांना एका बाहुलीशी काय करायचं ते दाखवलं. त्यानंतर चार तासांच्या आत ज्यांनी किमान अर्धा तास सलग झोप काढली त्यांना ते आठवलं, बाकीच्यांना नाही. जर्मनीतला प्रयोग, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. म्हणजे दुपारची डुलकी ही नुसती विश्रांती नाही. आणि मलाही हवी आहे, कारण सव्वीस आठवड्यांतले चार बाळंतपणाआधीच गेले आणि आता तीन राहिलेत. मग तो पाळणाघरात जाईल. तिथे एका ताईंकडे आठ मुलं आहेत. त्या पाय लांब करून आठ जणांना झुलवणार नाहीत. म्हणून मी त्याला गादीवर निजायची सवय लावते आहे. माझ्या मांडीवर झोपलेला असतो ना, तेव्हा मला वाटतं, याला मी रोज जे देते आहे ते तीन आठवड्यांनी काढून घेणार आहे. मग देऊ तरी कशाला? हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

आत्या: रडू नकोस. तो तुझा आवाज ऐकतोय. इकडे दे त्याला खांद्यावर, मी पडवीत चालते, तू चालता चालता ऐक.

तुला मघाशी मी भुवया सांगितल्या, मूठ सांगितली. ते सगळं खरं आहे, पण ते दिवाळीनंतरचं आहे. आषाढातलं सांगितलं नाही. लावणीला बाईमाणूस घरात राहत नाही. चिखलणी झाली, भाताचं रोप उपटून झालं की चार दिवसांत खाचरं लावून व्हायला लागतात, नाहीतर रोप हातचं जातं. सासूबाईही वाकलेल्या, जाऊही वाकलेली. तुझ्यासारखे सव्वीस आठवडे आम्हाला कुणी दिले नव्हते, आणि परक्याच्या रानात रोजाने लावणीला जाणारीला आजही कुणी देत नाही. थोरला चार महिन्यांचा होता. बांधावर आंब्याखाली घोंगडी टाकली, वर इरलं आडवं केलं, आणि त्याला ठेवलं. तो रडायला लागला. माझी ओळ अर्धी झाली होती. ओळ सोडून उठलं तर बाकीच्या पुढे जातात आणि आपला पट्टा मागे राहतो. मी म्हटलं, टोकाला पोचले की जाते. टोकाला पोचेपर्यंत तो गप्प झाला होता. झोपला होता. झोपेत हुंदके देत होता, दर दोन श्वासांनी एक, संध्याकाळपर्यंत. आपल्याकडे "रडून रडून झोपला" हे किती सहज म्हणतात. मी तेच म्हटलं घरी येऊन. तेव्हा ना घड्याळ होतं, ना बघणारे डोळे. तुझ्यासमोर मोठ्या तोंडाने "आम्ही बघायचो" म्हणाले, त्यातलं एवढं मागे ठेवलं होतं.

भाची: मग माझंही ऐक. गेल्या आठवड्यात मी त्याला ठेवून बाहेर जाऊन बसले. दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला आवाज थांबला. मला आनंद व्हायला हवा होता. आत जाऊन बघते तर डोळे उघडे, छताकडे बघत पडलेला. मी खूप वाचलं त्यानंतर. ऑस्ट्रेलियात सहा महिन्यांपुढच्या बाळांना हळूहळू एकटं निजायला शिकवलं आणि पाच वर्षांनी परत तपासलं. नुकसान काही दिसलं नाही, आणि फार काळ टिकणारा फायदाही नाही. हे २०१२ सालचं. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या पंचवीस बाळांवरचा अभ्यास आला. तिसऱ्या दिवशी रडणं थांबलं होतं, पण लाळेतलं ताणाचं संप्रेरक खाली आलं नव्हतं. त्यावर पुष्कळ वाद झाले, बाळं थोडी होती, मोजणी अपुरी होती. मी दोन्ही वाचून तिथेच आहे. शिवाय हे बहुतेक सगळं रात्रीच्या झोपेबद्दल आहे. रात्री ओढही असते आणि अंधारही मदतीला असतो. दुपारी दोन्ही कमी. दिवसा रडत ठेवलेलं मूल झोपण्याऐवजी आणखी थकण्याची शक्यताच जास्त, आणि आपण तर त्या थकव्यातूनच सुटायला बघत होतो.

आत्या: तो गप्प होता तेव्हा तू आत गेलीस?

भाची: गेले. उचललं.

आत्या: मला बांधावर जाता आलं असतं, चार पावलांवर होता. इतकी वर्षं मी त्याला शेताचा दोष म्हणत आले. शेताचा होताच. पण चार पावलं होती... हे तुझ्या घड्याळाने सुटलं असतं असं मला वाटत नाही. झोळीनेही नाही. अजून एक बाई हवी होती त्या बांधावर, इतकंच.

भाची: कायदा म्हणतो, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाता यावं. २०१७ पासून आहे. बांधाला पन्नासची मोजणी लागत नाही. आणि माझ्याकडे पाळणाघर आहे, तर तिथल्या ताईंना मी काय सांगू? "दर दोन तासांनी निजवा" असं लिहून दिलं तर ते पाळता येईल, पण तुझ्या हिशेबाने ते चूक. "नजर सुटली की निजवा" असं लिहिलं तर ते बरोबर, पण ते कोण पाळणार?

आत्या: दोन्ही लिही. वेळ लिही, म्हणजे त्या वेळेला त्या वळून बघतील तरी. आणि खाली लिही की झोपेला आला की हा डावा कान ओढतो. उजवा नाही, डावा. मी दोन दिवस बघते आहे.

भाची: डावा? मला नाही दिसलं कधी.

आत्या: तुझ्या कडेवर असतो तेव्हा डावा कान तुझ्या खांद्याला लागलेला असतो. तुला कसा दिसेल? लांबून दिसतो.

भाची: आठ मुलांत त्या कानाकडे लांबून कोण बघेल, आत्या?

आत्या: हळू बोल. डोळे मिटलेत त्याने.

भाची: आण, गादीवर ठेवूया. अंथरूण तयार आहे.

आत्या: थांब जरा. मूठ बघ.